एकाच्या खांद्यावरील विजय

संघाने मिळविलेला विजय एका मनुष्याच्या नावावर लिहावा काय, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडावृत्ते लिहिणारांचा दिसतो. परंतु थोडे खोल गेले म्हणजे तो नीतिशास्त्राचा आहे असे आढळून येते. कारण त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. समर्थाने दुर्बलांचा भार कोठवर वाहावा, हा एक; आणि ज्यांचा भार वाहिला जातो त्यांचे कर्तव्य काय, हा दुसरा. हे प्रश्न नुसत्या तात्त्विक भाषेत मांडले तर ते अधांतरी राहण्याचा संभव फार. म्हणून एका घडलेल्या गोष्टीच्या कसोटीवर ते घासून पाहणे बरे.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ नामक शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी निर्माण केला. त्यात प्रत्येक बाजूचे पाचच गडी एका वेळी मैदानात असतात. क्रिकेटमध्ये फलंदाज कितीही थोर असला तरी एकदा बाद झाला की त्यास तंबूत परतावे लागते. येथे मात्र चेंडू पुन्हा पुन्हा एकाच गड्याच्या हाती देता येतो. त्यामुळे सर्व काही एकट्यानेच करावे, किंवा सर्व काही एकट्यावरच सोपवावे, हे दोन्ही मोह ह्या खेळात प्रबळ असतात. तेथील व्यावसायिक संघांच्या बाद फेऱ्यांत दोन संघ जास्तीत जास्त सात सामने खेळतात आणि आधी चार जिंकणारा पुढे जातो.

२००७ सालच्या उन्हाळ्यात पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत क्लीव्हलँड आणि डेट्रॉइट हे संघ समोरासमोर आले. डेट्रॉइटचा संघ २००४ सालचा विजेता असून ह्या फेरीत सलग पाचव्या वर्षी आलेला, मुरलेला होता. क्लीव्हलँडने त्या हंगामात ८२ पैकी ५० सामने जिंकले होते, तेव्हा त्यास अगदीच दुबळा म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु लेब्रॉन जेम्स हा बावीस वर्षांचा तरुण वगळला असता त्याच्या तोडीचा दुसरा गडी त्या संघात नव्हता. पहिल्या सामन्याच्या अखेरीस क्लीव्हलँड दोन गुणांनी मागे असता जेम्स चेंडू घेऊन आत घुसला. प्रतिपक्षाचे गडी त्याच्यावर धावून येताच त्याने चेंडू कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या डॉन्येल मार्शल ह्या सोबत्याकडे दिला. मार्शलचा नेम चुकला आणि क्लीव्हलँडने सामना ७६ विरुद्ध ७९ असा गमावला. लगेच टीकेचा भडिमार सुरू झाला: खरा वीर निर्णायक क्षणी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, त्याने स्वतःच बाण सोडावयास हवा होता!

दुसरा सामनाही ७६-७९ असाच हातचा गेला. पुढचे दोन मात्र क्लीव्हलँडने आपल्या मैदानावर जिंकले. मग ३१ मे रोजी डेट्रॉइटच्या मैदानावर पाचवा सामना झाला. त्यात क्लीव्हलँडच्या अखेरच्या ३० गुणांपैकी २९ गुण एकट्या जेम्सने केले, आणि त्यांतील शेवटचे २५ तर ओळीने त्याचेच. दोनदा जादा वेळ खेळावी लागून, अवघे दोन-सव्वादोन सेकंद उरले असता त्याने शेवटचा गोल केला व सामना १०९-१०७ असा जिंकला. त्याचे एकूण गुण ४८ झाले. चार दिवसांपूर्वीपर्यंत ज्यास भिडस्त म्हटले जात होते, तोच आता एकट्याने गड घेणारा ठरला.

आता पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा. हा विजय खरोखर एकट्याचा होता काय? १०९ मधून ४८ वजा केले असता ६१ उरतात. ते इतरांचे होत. शिवाय त्या अखेरच्या तिसांतील जो एक गुण जेम्सचा नव्हता, तो ड्रू गुडन नामक सोबत्याने फ्री थ्रोवर मिळविला होता. नियमित वेळ ९१-९१ अशा बरोबरीत संपली. बाकी सर्व तसेच घडले असे धरल्यास, तो एक गुण नसता तर सामना तेथेच ९०-९१ असा संपून जादा वेळेचा पराक्रम दाखविण्याची संधीच कोणास मिळाली नसती. ह्याखेरीज प्रतिपक्षास १०७ वर रोखण्याचे काम पाचांचे होते, आणि त्या कामाचा आकडा गुणफलकावर लागत नाही. ह्यावरून जेम्सची थोरवी रतीभरही उणी होत नाही. मात्र ‘एकट्याने’ हा शब्द आपण गौरवाच्या भरात वापरतो, हिशेबाने नव्हे, एवढे सिद्ध होते.

दुसरा प्रश्न नीतीचा, आणि तोच अधिक बिकट आहे. पहिल्या सामन्यात चेंडू देणे जर चूक, तर पाचव्यात तो न देणे हे योग्य, असे लोक म्हणाले. परंतु हा न्याय कर्माचा नसून फळाचा आहे. मार्शलचा नेम लागला असता तर तीच कृती औदार्य आणि दूरदृष्टी म्हणून वाखाणली गेली असती. मोकळ्या असलेल्या आणि त्या कामात तरबेज असलेल्या सोबत्याकडे चेंडू देणे हे त्या क्षणी विवेकाचेच होते. त्याचे अपयश देणाऱ्याच्या माथी मारणे म्हणजे विश्वास टाकणे हाच अपराध ठरविणे होय.

मग पाचव्या सामन्यातील वर्तन सदोष होते काय? तसेही नव्हे. महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्मानंतर आपद्धर्म सांगितला आहे, त्यातील मर्म येथे लागू पडते. संकटकाळी जे करणे विहित असते ते नित्याचा आचार म्हणून विहित नसते. त्या रात्री सोबत्यांच्या हातून गुण होत नव्हते व वेळ संपत आली होती. तेव्हा सामर्थ्यवानाने भार उचलला नसता तर तो विनय नव्हे, पलायन झाले असते. दोष आहे तो आपद्धर्मासच नित्यधर्म मानणाऱ्यांचा. घर एकाच्या मिळकतीवर चालते, संस्था एकाच्या झिजण्यावर उभी राहते, आणि बाकीचे त्याचे गुणगान करून आपले देणे फिटले असे समजतात. स्तुती ही पुष्कळदा आळसाने दिलेली खंडणी असते.

ह्या मालिकेचा सहावा सामना ह्या दृष्टीने पाचव्याहून अधिक बोधप्रद आहे. पण त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. डेट्रॉइटचे सारे लक्ष जेम्सवर खिळले होते, तेव्हा त्याने २० गुण केले; आणि डॅनियल गिब्सन ह्या पहिल्याच वर्षीच्या नवख्या गड्याने ३१. क्लीव्हलँडने तो सामना ९८-८२ असा जिंकून इतिहासात प्रथमच अंतिम फेरी गाठली. पहिल्या दिवशी जो विश्वास टाकल्याबद्दल दूषणे मिळाली, तोच सहाव्या दिवशी फळास आला.

तथापि हे फळ टिकाऊ नव्हते. अंतिम फेरीत सॅन अँटोनियोच्या संघाने क्लीव्हलँडचा ४-० असा पराभव केला. त्या संघात डंकन, पार्कर, जिनोबिली अशा तिघांत भार वाटलेला होता. पुढे २०१० साली जेम्स मायामीस गेला. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडने त्यानंतरच्या हंगामात अवघे १९ जिंकले. एवढ्या घसरणीचे सर्व कारण एकाच्या जाण्यात शोधणे बरोबर नाही, कारण संघात इतरही फेरबदल झाले होते. परंतु ज्या इमारतीचा एक खांब काढताच छप्पर खाली येते तिची बांधणी आधीच सदोष होती, हे कबूल करावे लागते. २०१४ साली तो परतला आणि २०१६ साली क्लीव्हलँडने अजिंक्यपद मिळविले. त्या मालिकेच्या पाचव्या सामन्यात जेम्स आणि कायरी अर्विंग ह्या दोघांनी प्रत्येकी ४१ गुण केले, आणि सातव्या सामन्यातील निर्णायक गोल अर्विंगचा होता.

गोवर्धन श्रीकृष्णाने करंगळीवर तोलला आणि गोपांनी आपापल्या काठ्या खाली लावल्या, ही कथा आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक आहे. काठ्यांनी पर्वत तोलला असे समजणाऱ्या गोपांचे आपण हसे करतो. पण ज्यांनी काठ्या लावल्या ते निदान पर्वताखाली हात वर करून उभे तरी राहिले! भार वाहणाऱ्याने काठीस जागा ठेवावी, आणि ज्यांचा भार वाहिला जातो त्यांनी काठी खाली ठेवू नये, ही दोन कर्तव्ये परस्परांवाचून पुरी होत नाहीत. गुडनचा तो एक गुण अशीच एक काठी होती. मनुष्याच्या खांद्यास देवाच्या करंगळीचे बळ नसल्यामुळे, आपल्या व्यवहारात पर्वत कित्येकदा त्या काठ्यांवरच तोललेला असतो.