मुलांचे शिक्षण आणि फलाची आसक्ती

सांप्रत दिल्ली आणि तिच्या आसपासच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या नगरांत राहणाऱ्या गृहस्थांच्या मनास एक शंका ग्रासून राहिली आहे. पोटास चिमटा घेऊन मुलास पंधरा-सोळा वर्षे शिकवावे आणि शेवटी त्याच्या हाती काय यावे? पदवी घेतलेले तरुण कामाच्या शोधात हिंडताना दिसतात. विचारताच क्षणात उत्तर देणारी यंत्रे घरोघरी आली आहेत. म्हणून कोणी म्हणतो की, शाळा-महाविद्यालयांचे शिक्षण आता निरुपयोगी झाले. मुलास एखाद्या धंद्यास लावावे म्हणजे झाले. दुसरा म्हणतो की, गुणांवाचून गती नाही. गुण गेले की मुलाचे आयुष्य गेले.

ही दोन मते परस्परविरुद्ध भासतात खरी. परंतु दोहोंच्या मुळाशी दोष एकच आहे. एकास फलाचा भरवसा वाटत नाही, म्हणून तो कर्मच टाकू पाहतो. दुसऱ्यास फल हवेच आहे, म्हणून तो मुलास आणि स्वतःस रात्रंदिवस जाळीत बसतो. श्रीभगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकात अर्जुनास या दोन्ही गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत. फलावर दृष्टी ठेवून कर्म करू नये, आणि फल हाती नाही म्हणून कर्म सोडण्याचाही मोह धरू नये. श्लोकाचा पूर्वार्ध सर्वांच्या मुखी असतो. उत्तरार्धाचा हा शेवटचा भाग मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

आता मुलाचे पुढील यश शिक्षणावर अवलंबून आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर अठराव्या अध्यायात सापडते. तेथे भगवंतांनी प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ केला आहे, आणि शास्त्रदृष्ट्या तोच मुख्य होय. तथापि गृहस्थाच्या व्यवहारास हे वचन लावून पाहिले तर घर व परिस्थिती हे अधिष्ठान, मुलगा किंवा मुलगी हा कर्ता, विद्या हे करण, नित्याचे परिश्रम ही चेष्टा आणि काळाची अनुकूलता हे दैव, असे म्हणता येईल. विद्या ही पाचांपैकी एक आहे. ती एकटीच यश देईल असे मानणारा चुकतो, आणि ती एकटी यश देत नाही म्हणून तिला टाकणाराही चुकतो.

दिल्लीच्याच इतिहासातील एका महाराष्ट्रीय गृहस्थाचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील वकील होते आणि घरात विद्येची चाड होती. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी सृष्टिविज्ञानाचे अध्ययन केले, आणि १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. औपचारिक शिक्षणाचे याहून उज्ज्वल उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु येथेही पाचही कारणे दिसतात. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. बँक १९३५ साली स्थापन झाली होती आणि त्यांच्या आधीचे दोन्ही गव्हर्नर परदेशी होते. तीच विद्या, तीच बुद्धी काही वर्षे आधी असती तर ते पद भारतीयास मिळते, असे कोण म्हणेल? काळ पालटला हे दैव. परंतु काळ पालटला तेव्हा पात्र मनुष्य सिद्ध होता, हे विद्येचे आणि परिश्रमाचे फल. दैव दार उघडते. आत पाऊल टाकण्याची शक्ती ज्याची त्यानेच आधी कमावलेली असावी लागते.

१९५० साली देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मतभेद होताच त्यांनी त्या पदाचा त्याग केला. विद्येने पद मिळविता येते. ते सोडण्याचे धैर्य मात्र कोणत्याही प्रशस्तिपत्रावर लिहिलेले नसते. जी विद्या मनुष्यास मिळविण्याबरोबर सोडण्याचेही बळ देते, तीच अंगी मुरली असे समजावे. पद गेल्याने त्यांची सेवा थांबली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि १९६२ पासून १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. ज्या विद्येने त्यांस वर आणले, तिच्याच सेवेत त्यांनी आपली पुढील वर्षे घातली.

यावर कोणी म्हणेल की, ज्यास घरची अनुकूलता आणि तीव्र बुद्धी लाभली त्याचे काय सांगावे? तर त्याच घरातील दुसरे चरित्र पाहावे. दुर्गाबाईंचा जन्म १९०९ साली आंध्र प्रदेशात झाला. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले; पुढे त्या बंधनातून त्या बाहेर पडल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांस कारावास घडला. तेथे अक्षरशत्रू, कायद्याची ओळख नसलेल्या, आपली बाजूही मांडू न शकणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या, आणि आपण स्वतः विद्या मिळवावी असा निश्चय केला. ज्या वयात इतरांचे शिक्षण संपते त्या वयात त्यांनी मॅट्रिकच्या परीक्षेस आरंभ केला, आंध्र विद्यापीठाची पदवी घेतली आणि मद्रासला कायद्याची परीक्षा दिली. पुढे त्या घटना परिषदेच्या सदस्या झाल्या. १९५३ साली त्यांचा चिंतामणरावांशी विवाह झाला, आणि त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा म्हणून त्यांची नियुक्ती झाली. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसराजवळील मेट्रो स्थानकास आज त्यांचे नाव आहे.

येथे अधिष्ठान प्रतिकूल होते आणि काळही प्रतिकूल होता. करण हाती नव्हते. ते मोठेपणी खटपटीने मिळवावे लागले. मात्र कर्ता दृढ होता आणि चेष्टा अखंड होती. दुर्गाबाईंनी विद्या मिळविली ती दुसऱ्याचे अश्रू पुसण्यासाठी. मान आणि पद ही मागाहून आली. परीक्षेस बसणाऱ्या मुलास ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्याचा अभ्यास दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी असतो, त्यास अपयशाचे भय कमी बाधते.

शाळेवाचून मोठी झालेली माणसे नाहीत काय, हा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण पुष्कळ जण देतात. १९८९ साली वयाच्या सोळाव्या वर्षी ते कसोटी सामन्यात उतरले. महाविद्यालयाची पायरी त्यांस चढावी लागली नाही. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या दृष्टीखाली त्यांनी केलेला अभ्यास सांगणारे विसरतात. गुरू, नियम, आवृत्ती आणि चूक दाखविली असता ती मानण्याची नम्रता, ही सर्व तेथे होतीच. चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीस प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन साधने सांगितली आहेत. शाळेची इमारत कोणास सुटेल. ही साधने कोणासही सुटली नाहीत. यंत्र उत्तर देते, पण प्रश्न विचारण्याची पात्रता आणि उत्तर खरे की खोटे हे ओळखणारी बुद्धी यंत्र देत नाही. ती अध्ययनानेच घडते. सामान्य घरातील मुलास गुरू, नियम आणि सहाध्यायी एकत्र लाभण्याचे स्थान बहुधा शाळाच असते. ते सोडणाऱ्याने त्याजागी काय देणार हे आधी सांगावे.

म्हणून मुलांस शिकविणे हा गृहस्थाचा स्वधर्म होय. राज्यघटनेतही २००२ सालच्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने, सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद झाले आहे. कर्तव्याचे पालन करताना यशाची हमी मागावयाची नसते.

हमी मागितली तर काय होते, हे दिल्लीने पाहिले आहे. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत काही विषयांच्या प्रवेशासाठी शंभर टक्के गुणांची अट लागली. पुढच्याच वर्षी, २०२२ साली, बारावीच्या गुणांची ती पद्धत जाऊन देशभर एकच प्रवेशपरीक्षा सुरू झाली. ज्या गुणांसाठी घराघरात जीव टांगणीला लागला होता, त्यांचे मोल एका वर्षात पालटले. ज्याने गुण साठविले त्याची पूंजी घटली. ज्याने विषय समजून घेतला त्याची विद्या त्याच्यापाशीच राहिली. फल दुसऱ्याच्या हाती असते ते असे. तरीही त्या फलापायी कोवळी मुले निराश होऊन जिवाचे बरेवाईट करून घेतात, ही वार्ता दरवर्षी ऐकावी लागते. निकालाच्या दिवशी मुलाकडे कठोर दृष्टीने पाहणाऱ्या पित्याने क्षणभर थांबून विचार करावा की, आपण मुलावर प्रेम केले की त्याच्या गुणपत्रिकेवर?

छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची कथा आहे. पिता उद्दालक याने त्यास बाराव्या वर्षी गुरुगृही पाठविले. आपल्या कुळात अध्ययन न केलेला कोणी राहू नये, असा त्याचा आग्रह होता. चोविसाव्या वर्षी मुलगा सर्व वेद शिकून आला, पण ताठा घेऊन आला. पित्याने त्यास किती पाठ झाले हे विचारले नाही. जे जाणल्याने न जाणलेलेही जाणले जाते, ते तू गुरूंस विचारलेस काय, एवढेच विचारले. बारा वर्षांचे शिक्षण व्यर्थ गेले असेही तो म्हणाला नाही. त्याच शिक्षणाच्या पायावर त्याने मुलास आपल्यापाशी बसवून पुढचे ज्ञान दिले.

आजच्या गृहस्थानेही हेच करावे. मुलास नियमाने शाळेत पाठवावे. त्यात कुचराई करू नये. रोज घटकाभर त्याच्यापाशी बसून आज किती गुण मिळाले याऐवजी आज काय कळले, आणि ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे विचारावे. मुलगी असो वा मुलगा, दोघांचे अध्ययन सारख्या आस्थेने चालवावे. निकाल प्रतिकूल आला तर त्यास जवळ घेऊन पुन्हा अभ्यासास बसवावे. अनुकूल आला तर नम्रता शिकवावी. एवढे केल्यावर जे येईल ते भगवंताच्या चरणी अर्पण करावे. असे घर मुलास धन देईल अथवा न देईल, धैर्य खचित देईल. आणि धैर्यवान मुलास कोणताही काळ सर्वस्वी प्रतिकूल नसतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥