अस्सल कागद आणि खरी साक्ष

जुन्या करारातील दानीएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नाची कथा आहे. बाबिलोनमध्ये राहणाऱ्या या धर्मशील स्त्रीवर दोन वडीलधाऱ्यांनी व्यभिचाराचा आळ घेतला. सभा जमली, दोघांनी साक्ष दिली आणि सभेने तिला देहान्ताची शिक्षा फर्मावली. सभेतली माणसे दुष्ट नव्हती. साक्ष देणारे वयाने वडील होते आणि लोकांचे न्यायाधीश होते, एवढ्यावरच त्यांनी विश्वास ठेवला. पदालाच त्यांनी पुरावा मानले. तेव्हा दानीएल नावाचा तरुण पुढे झाला. सुसान्ना निर्दोष आहे, हे पटवून देण्यासाठी त्याने तिच्या सद्गुणांचा पाढा वाचला नाही. त्याने दोघा साक्षीदारांना एकमेकांपासून दूर नेले आणि एकच प्रश्न विचारला: हा प्रकार तुम्ही कोणत्या झाडाखाली पाहिलात? एकाने एका झाडाचे नाव घेतले, दुसऱ्याने भलत्याच झाडाचे. एका निष्पाप स्त्रीचे प्राण वाचले.

ती सभा आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये भरते. कुठे गुन्हा घडला की काही तासांत फिर्यादीची प्रत, रिमांडचा अर्ज, दोषारोपपत्रातील एखादे पान घरोघरी पोहोचते. कागदावर शिक्का असतो, जावक क्रमांक असतो, अधिकाऱ्याची सही असते. सुसान्नाच्या सभेवर जो प्रभाव वडीलधाऱ्यांच्या पदाचा पडला, तोच आपल्यावर त्या शिक्क्याचा पडतो. मग एखादे वाक्य लाल रेघेने अधोरेखित होते, त्याखाली कोणीतरी दोन ओळींचा निष्कर्ष लिहितो, आणि तो निष्कर्ष कागदातच होता असा समज पसरतो. अशा वेळी तथ्य कोणते आणि कुजबुज कोणती, हे निवडण्याची जबाबदारी केवळ पत्रकारांची आणि वकिलांची आहे का? आठवी आज्ञा शिकलेल्या प्रत्येक माणसाची ती आहे, असे मला वाटते.

तपासाचे कागद म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रथम खबरी अहवाल, ज्याला आपण एफआयआर म्हणतो, तो तपासाचा आरंभ असतो. कोणीतरी येऊन काय सांगितले, एवढेच त्यात असते. साक्षीदाराचा जबाब पोलीस लिहून घेतात, पण त्यावर साक्षीदाराची सही घेण्याची कायद्याला मुभा नाही. न्यायालयात तो माणूस वेगळे बोलला, तर विसंगती दाखवण्यापुरताच प्रायः त्याचा उपयोग होतो. काही विशेष कायदे सोडले तर पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या, तरी ही तत्त्वे कायम राहिली. दोषारोपपत्र म्हणजे तपास यंत्रणेचे म्हणणे, निकाल नव्हे. आपल्या महाराष्ट्रात तर तपास बंद करतानाही ए, बी आणि सी अशा तीन ‘समरी’ असतात. गुन्हा घडला पण गुन्हेगार सापडला नाही, ही एक. तक्रार दुष्ट हेतूने खोटी केली, ही दुसरी. आणि तक्रार धड खरीही नाही व हेतुतः खोटीही नाही, गैरसमजातून आली, ही तिसरी. पोलिसांच्या दप्तरालाही जी तिसरी शक्यता ठाऊक आहे, ती आपल्या गप्पांना मात्र ठाऊक नसते.

न्यायालयांनीही कागदाकागदांत भेद केला आहे. संवेदनशील प्रकरणे वगळून एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर ठेवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. दोषारोपपत्रे मात्र अशी सर्वांसाठी खुली करता येणार नाहीत, असे त्याच न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सांगितले. अटक कोणाला आणि कशासाठी झाली हे लपून राहू नये, म्हणून पहिला निर्णय. आरोपीचे आणि पीडिताचे हक्क तुडवले जाऊ नयेत, म्हणून दुसरा. दोन्ही निर्णयांना माणसाच्या प्रतिष्ठेची चाड आहे.

पुणेकरांना याचा धडा अगदी जवळून मिळाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. २०१४ च्या आरंभी पोलिसांनी शस्त्रांच्या व्यवहाराशी संबंधित दोघांना या प्रकरणी अटक केली. पुढे ते जामिनावर सुटले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २०१६ मधील दोषारोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून दोन नावे आली. २०१८ मध्ये त्याच विभागाने गोळ्या झाडणारे म्हणून दोन वेगळ्याच माणसांना अटक केली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्या दोघांना जन्मठेप ठोठावली आणि इतर तिघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले.

आता विचार करावा. २०१६ मध्ये ज्याने त्या दोषारोपपत्राचे पान मित्रांना पाठवले, त्याने बनावट कागद पाठवला नव्हता. कागद अस्सल होता, सही खरी होती. ‘हेच मारेकरी’ हा त्या पानावरून काढलेला निष्कर्ष मात्र दोन वर्षांत त्याच विभागाने बाजूला ठेवला. कागद अस्सल असणे वेगळे आणि कागदातील मजकूर सत्य असणे वेगळे. अस्सल कागद अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक म्हटले, एवढीच साक्ष देतो. त्यापलीकडचे सारे सिद्ध व्हायचे असते.

दुसरे प्रकरण आपल्या काळजाला अधिक भिडणारे आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला. याच रस्त्यावर रामवाडीला आपली पेपल सेमिनरी आहे. परिषदेबाबत विश्रामबाग पोलीस ठाण्यात ८ जानेवारी २०१८ रोजी गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला राज्याच्या पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन, जप्त केलेली म्हणून काही पत्रे वाचून दाखवली. त्या वेळी अटकेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. २८ सप्टेंबरला बहुमताच्या निकालाने स्वतंत्र तपास पथकाची मागणी फेटाळली, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्न निकालपत्रात पोलिसांच्या या माध्यमप्रसिद्धीवर कठोर ताशेरे ओढले. पण न्यायालयात तपासली जाण्याआधीच ती पत्रे घराघरांत ‘पुरावा’ झाली होती.

याच प्रकरणात रांचीजवळ आदिवासींमध्ये काम करणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना राष्ट्रीय तपास यंत्रणेने ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक केली. त्यांचे वय ८३ वर्षे होते आणि त्यांना कंपवात होता. आपल्या संगणकातील म्हणून दाखवलेला मजकूर आपला नाही आणि भीमा कोरेगावला आपण कधी गेलोच नाही, असे त्यांनी अटकेपूर्वी सांगून ठेवले होते. तळोजा कारागृहातून त्यांना मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले, आणि जामिनाचे अपील उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. खटला उभा राहिलाच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल या न्यायवैद्यक संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून दस्तऐवज पेरले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता.

आपल्या परीक्षेचा क्षण इथेच येतो. हा अहवाल बचाव पक्षाच्या विनंतीवरून तयार झाला, आणि तोही न्यायालयात उलटतपासणीला सामोरा गेलेला नाही. पोलिसांच्या पत्रांना जी कसोटी आपण लावतो, तीच त्यालाही लावली पाहिजे. माझ्या मते हा अहवाल अतिशय गंभीर आहे आणि त्या पत्रांवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने त्याला उत्तर दिले पाहिजे. तरीही गंभीर शंका आणि न्यायालयाचा निर्णय यांत अंतर उरतेच.

फादरांच्या निधनानंतर एक छायाचित्र देशभर फिरले. रुग्णालयाच्या खाटेला साखळीने जखडलेला एक वृद्ध त्यात होता, आणि ते फादर स्टॅन आहेत, असे लोक सांगत होते. ते छायाचित्र उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्याच्या एका ९२ वर्षांच्या कैद्याचे होते, मे २०२१ मधले. ज्यांनी ते पाठवले, त्यातले बहुतेक दुःखाने आणि प्रेमाने पाठवत होते. पण प्रेमाने सांगितलेली असत्य गोष्टही असत्यच असते. शिवाय तिने दोन अन्याय केले. त्या अनोळखी वृद्धाचे दुःख त्याच्यापासून हिरावून दुसऱ्याच्या नावावर लावले. आणि फादर स्टॅन यांच्यावर जे खरोखर ओढवले, त्यावर संशय घेण्याची सोय करून दिली. पेला हातात धरता येत नाही, म्हणून पाणी पिण्यासाठी नळी व सिपर मिळावा, असा अर्ज त्यांना ६ नोव्हेंबर २०२० रोजी करावा लागला. यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवस मागून घेतले आणि मग सांगितले की, त्या वस्तू आम्ही जप्त केल्याच नव्हत्या. जप्तीबाबत दोन बाजू असू शकतात. पण एका कापऱ्या हाताला वीस दिवस थांबावे लागले, यात वाद नाही. सत्य एवढे बोलके असताना साखळीची गरजच काय होती?

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला आहे. दुसऱ्याविषयी शंका असेल तर तिचा अर्थ त्याच्या बाजूने लावावा, असे ते म्हणतात. अशाने आपण अनेकदा फसू, हे त्यांना मान्य आहे. पण वाइटाला चांगले समजण्यात आपली फसगत होते, तर चांगल्याला वाईट ठरवण्यात दुसऱ्यावर अन्याय होतो. म्हणून वारंवार फसणे त्यांना पत्करते. मात्र ते एक भेदही करतात. अनिष्ट टाळण्यासाठी उपाय योजायचा असेल, तेव्हा वाईट शक्यता गृहीत धरून सावध राहणे योग्य आहे. सावधगिरी म्हणजे निवाडा नव्हे.

हा भेद आपल्या ख्रिस्तसभेला फार महाग पडून शिकावा लागला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ग्रँड ज्युरीचा अहवाल खुला झाला. त्यात ३०० हून अधिक धर्मगुरूंवर अत्याचाराचे आरोप होते आणि १,००० हून अधिक बालकांची व्यथा होती. वर्षानुवर्षे धर्मप्रांतांच्या कपाटांत दडलेले कागद बाहेर आले नसते, तर ही मुले कोणाला दिसलीच नसती. ‘अफवा आहेत, दुर्लक्ष करा’ असे म्हणणाऱ्यांनी तेथे पाप झाकले. तेव्हा संयमाचा उपदेश दुर्बलाचे तोंड बंद करण्यासाठी कोणी करू नये. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अकरा धर्मगुरूंची नावे झाकलेलीच ठेवली, कारण त्यांना उत्तर देण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. कागद खुले झाले, मुलांचे ऐकले गेले, आणि ज्यांना बोलू दिले नव्हते त्यांच्यावर शिक्का बसला नाही. झगा घातला म्हणून कोणी निर्दोष ठरत नाही आणि नाव कागदावर आले म्हणून कोणी दोषी ठरत नाही.

मग एखादा कागद हाती आला तर आपण काय करावे? तो कोणी लिहिला आणि तपासाच्या कोणत्या टप्प्यावर लिहिला, हे पाहावे. ज्याच्याविषयी लिहिला आहे त्याला उत्तर द्यायला मिळाले का, हे विचारावे. कागदात काय आहे आणि पाठवणाऱ्याने वरून काय जोडले आहे, ते वेगळे करावे. आणि शेवटी स्वतःला विचारावे: हे खरे निघावे, अशी माझी इच्छा का आहे? हा प्रश्न सर्वांत कठीण. कारण अफवा आपल्या आवडीनिवडींवरच पोसते.

ख्रिस्तसभेची शिकवण आणखी एक पायरी पुढे जाते. खोटा आळ घेणे हे पाप, तसेच योग्य कारणावाचून दुसऱ्याचा खरा दोष उघडा करणे हेही पाप. पापाची क्षमा मिळाली तरी हिरावलेल्या अब्रूची भरपाई करण्याचे कर्तव्य उरते. मोबाइलच्या दिवसांत त्याचा अर्थ सरळ आहे: ज्या मंडळींना चुकीची गोष्ट पाठवली, त्याच मंडळींना, तेवढ्याच ठळकपणे, ती चुकीची असल्याचे कळवावे. गुपचूप पुसून टाकणे म्हणजे भरपाई नव्हे.

फादर स्टॅन यांच्याविषयी आता कोणतेही न्यायालय दोषी अथवा निर्दोष असा निकाल देणार नाही. मृत्यूने तो खटला संपला. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोषच गेले, कारण दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष असतो. आपल्या हाती उरते ती साक्ष. जे ठाऊक आहे तेवढे निर्भयपणे सांगावे, जे ठाऊक नाही तिथे थांबावे. मृत माणूस उत्तर द्यायला येत नाही; म्हणून त्याच्याविषयी बोलताना, त्याच्या विरोधकांइतकेच त्याच्या चाहत्यांनीही, एकेक शब्द तोलून घ्यावा.