निर्णय म्हणे त्याचाच होता

परवाचं ते निवेदन तुम्ही वाचलंच असेल. नसेल वाचलं, तर डब्लिनला असलेल्या कुणा भाच्या-पुतणीनं पाठवलं असेल. कोणती काउंटी आणि कोणता पोरगा, हे पुन्हा उगाळत बसत नाही. आठवडाभर तेच चाललंय. पोराला आयर्लंडचं काठी-चेंडूचं हर्लिंगही खेळायचं होतं आणि गेलिक फुटबॉलही. आता तो एकच खेळणार आहे. काउंटीच्या मंडळींनी जाहीर केलंय की निर्णय सर्वस्वी त्याचा आहे, त्यांनी फक्त त्याचा मान राखला. खाली ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ आहेतच.

निवेदनाखालच्या शुभेच्छांवर माझा जुना राग आहे. ज्याला धक्के देत दारापर्यंत आणलं, त्याला उंबरठ्यावर हार घालायचा, असला हा प्रकार. पण आज राग शुभेच्छांपुरता नाही. ‘निर्णय त्याचाच’ हे वाक्य मला सहन होत नाही.

सगळे हळहळतात ती गोष्ट आधी आठवू. २ सप्टेंबर १९९०. डब्लिनच्या क्रोक पार्कवर हर्लिंगची ऑल-आयर्लंड अंतिम लढत, कॉर्क विरुद्ध गॉलवे. गोलाचे तीन गुण, आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक, असा तिथला हिशेब. कॉर्कचे पाच गोल आणि पंधरा पॉइंट, गॉलवेचे दोन गोल आणि एकवीस पॉइंट, म्हणजे ३० विरुद्ध २७. मध्यंतराला गॉलवे पाच गुणांनी पुढे होतं. कॉर्कनं दुसऱ्या अर्धात सामना ओढून आणला. मग दोन आठवड्यांनी, १६ सप्टेंबरला, त्याच मैदानावर फुटबॉलची अंतिम लढत झाली, कॉर्क विरुद्ध मीथ. याच मीथनं १९८७ आणि १९८८ ला कॉर्कला अंतिम फेरीत हरवलेलं, त्यामुळे दोन्हीकडे दात-ओठ खाणं भरपूर. मध्यंतराआधीच कॉर्कच्या कॉलम ओनीलला मैदानाबाहेर काढलं. उरलेला सगळा वेळ चौदा जण पंधरांशी खेळले आणि ११ विरुद्ध ९ नं जिंकले. एकही गोल झाला नाही. सामना सुंदर नव्हता, पण कॉर्कमध्ये त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

या दोन्ही सामन्यांत पहिल्या पंधरांत होता टेडी मॅकार्थी. एकाच वर्षी दोन्ही खेळांत सीनियर ऑल-आयर्लंड अंतिम सामना खेळून दोन्ही जिंकणारा पुरुष खेळाडू आजवर तोच एक. हवेत इतका उंच जायचा आणि तिथे इतका रेंगाळायचा, की चेंडूलाच त्याची वाट पाहावी लागत असेल असं वाटावं. त्याची सुरुवातही अशीच अजब. सीनियर हर्लिंग चॅम्पियनशिपमधला त्याचा पहिलाच सामना म्हणजे १९८६ ची अंतिम लढत, आणि तीही जिंकलेली. १९८९ ला फुटबॉलचं पदक, मग १९९० चं ते जोड-पदक. जून २०२३ मध्ये तो गेला, अवघ्या ५७ व्या वर्षी. तेव्हा सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं आणि या आठवड्यातही तेच कानावर आलं: आता असे खेळाडू होत नाहीत.

होत नाहीत! जणू वाघ-गिधाडांसारखी एखादी जात आपोआप कमी होत गेली.

खेळाडू होतात हो. सोळा-सतरा वर्षांचे असताना ढिगानं असतात. आयर्लंडमधल्या कुठल्याही गावच्या क्लबावर जा, मंगळवारी ॲशच्या लाकडाची काठी घेऊन धावणारं पोर गुरुवारी तिथेच फुटबॉल हातात झेलताना दिसेल. टेडी हर्लिंग खेळला सार्सफील्ड्सकडून आणि फुटबॉल ग्लॅनमायरकडून. नावं दोन, गाव आणि माणसं बरीचशी तीच. जॅक लिंचचंही तसंच, हर्लिंगला ग्लेन रोव्हर्स आणि फुटबॉलला सेंट निकोलस. या लिंचनं १९४१ ते १९४४ सलग चार वर्षं हर्लिंगची ऑल-आयर्लंड पदकं घेतली, १९४५ ला फुटबॉलचं, १९४६ ला पुन्हा हर्लिंगचं. सहा वर्षांत सहा. तो बॅरिस्टरही झाला आणि पुढे देशाचा पंतप्रधान, तोही दोनदा. दोन कामं एकदम करण्याची सवय लहानपणीच लागलेली असणार. ‘फोकस’ हा शब्द त्या काळात कॅमेरावाल्यांपुरता होता, हे त्याचं भाग्य.

तर ‘निर्णय त्याचाच’.

आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं: सूनबाईंनी स्वतःहून नोकरी सोडली. कुणी काही म्हटलं नव्हतं. फक्त सकाळी सातला सगळ्यांना गरम पोळ्या लागतात, सासूबाईंचा पथ्याचा डबा वेगळा असतो, मुलाची शाळा साडेबाराला सुटते आणि घरातल्या इतर कुणालाच त्या वेळी सवड नसते. एवढं सोडलं तर नोकरी करायला पूर्ण मोकळीक. मग एका संध्याकाळी तिनं स्वतःहून निर्णय घेतला. घरच्यांनी त्याचा आदर केला.

काउंटीचा आदर याच घराण्यातला. मंगळवारी फुटबॉलचा सराव आणि हर्लिंगचाही मंगळवारीच. फुटबॉलचा व्यायामतज्ज्ञ सांगतो पाय जड कर, हर्लिंगचा सांगतो हलका कर. शनिवारी एक सामना, रविवारी दुसरा, मध्ये दीडशे किलोमीटर. दोन्हीकडचे व्यवस्थापक त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं सांगतात, घाई नाही रे, तू ठरव, पण शुक्रवारपर्यंत. नाही म्हटलं तर बाकावर बसशील, हे कुणी बोलत नाही. बोलायची गरजच ठेवलेली नसते. एकविसाव्या वर्षी, दिवसा कॉलेज किंवा नोकरी सांभाळून, हे तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती महिने खायचा? तो एक फोन करतो. फोन त्यानंच केला, हे खरं. नंबर त्यानंच फिरवला. म्हणजे निर्णय त्याचाच. वकिलाला विचारा, तोही हेच सांगेल.

आणि या वाक्याची खरी सोय नंतर कळते. पुढे कधी त्याला चुटपुट लागली तर तक्रार करायला माणूसच उरत नाही. तुझाच तर निर्णय होता! ज्यानं सोसलं त्याच्याच खात्यावर ते नावे टाकायचं, आणि वर खाली शुभेच्छा. (बघा, पुन्हा शुभेच्छा. मी काय करू?)

बाकी कारणं आहेतच, दमणूक होते, खेळ बदललाय, तज्ज्ञ नको म्हणतात. त्यात तथ्य आहे की नाही यावर वाद घालता येईल. निदान ती खोटं बोलत नाहीत.

एक मात्र विसरू नये. क्रिकेटचं मंडळ वेगळं आणि हॉकीचं वेगळं, अशी ही स्थिती नाही. पुरुषांचं हर्लिंग आणि फुटबॉल दोन्ही एकाच संस्थेचे खेळ आहेत. १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे. मैदान तेच, खांब तेच, पंधरा-पंधरांचे संघ तेच, वेळापत्रक लावणारं कार्यालयही तेच. आणि खेळाडूला पगार नाही. प्रवासखर्च मिळतो, थोडं सरकारी अनुदान मिळतं. बाकी घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या. पगार देणाऱ्यानं ‘एकच काम कर’ म्हटलं तर ते मी समजू शकतो. फुकट राबणाऱ्याला कुणी विचारतंय, तू दुसरीकडे फुकट का राबतोस?

क्लेअरच्या पॉज कॉलिन्सचं उदाहरण जाणत्यांना आठवत असेल. २०१३ ला क्लेअरनं हर्लिंगची ऑल-आयर्लंड जिंकली, त्यात हा बुटका, चपळ फॉरवर्ड गाजला. २०१४ ला तो दोन्ही खेळला. फुटबॉल संघाचे व्यवस्थापक त्याचेच वडील, कॉलम कॉलिन्स. वर्षाअखेर हर्लिंगच्या डेव्ही फिट्झजेराल्ड यांनी सांगून टाकलं, दोन्ही चालणार नाही. पोरानं फुटबॉल निवडलं, म्हणजे बापाला. वर्षभरानं तो हर्लिंगकडे परतला. फिट्झजेराल्ड यांच्याशी मी सहमत नाही, पण त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडानं ‘नाही’ म्हटलं, दोष अंगावर घेतला. मला एवढंच पुरे. नकार द्यायचाच तर असा द्यावा.

आता दुसरी बाजूही सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतील. १९९० ला स्पर्धा बाद पद्धतीची होती आणि उन्हाळाभर पसरलेली. आता साखळी सामने आलेत, आणि २०२२ पासून काउंटीचा अख्खा हंगाम जुलैतच संपवतात, म्हणजे पुढचे महिने क्लबांना मिळावेत. क्लबच्या खेळाडूला त्याचा खरोखर फायदा झाला. एकाचं भलं करताना दुसऱ्याची जागा आकसली, असं जगात होतं. १९९९ ला कॉर्कचाच शॉन ओग ओ हॅल्पिनही दोन्ही अंतिम सामन्यांत खेळला. हर्लिंगची एका गुणानं जिंकली आणि फुटबॉलची मीथकडून गमावली. म्हणजे जुन्या सैल वेळापत्रकातही हे जमणं सोपं नव्हतंच. मला दुहेरी खेळाडू जपून ठेवायची संग्रहालयं नको आहेत. नसेल झेपत तर नसो. फक्त आम्हाला झेपत नाही असं म्हणा, त्याला झेपलं नाही असं नको. पाठीवर जीपीएसचं डबडं बांधून पोरगा किती मीटर धावला हे मोजता, मग त्याला कुठल्या दिशेनं पळवून लावलं तेही त्यात दिसत असेलच की.

आणि ‘आधुनिक काळात शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा कॉर्कच्याच बायकांकडे पाहावं. रीना बकली आणि ब्रीज कॉर्करी, दोघींची प्रत्येकी १८ ऑल-आयर्लंड पदकं, अकरा फुटबॉलची आणि सात कॅमोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची. टेडीनं जे एकदा केलं ते या दोघींनी २००५, २००६, २००८, २००९, २०१४ आणि २०१५ अशा सहा वर्षी केलं. टेडीसाठी उसासे टाकणाऱ्यांच्या तोंडी ही नावं सहसा येत नाहीत, का ते तुम्हीच ओळखा. शिवाय बायकांच्या या दोन खेळांच्या संस्थाही वेगवेगळ्या, एक १९०४ ची, दुसरी १९७४ ची. दोन्ही सामने एकाच दिवशी लावून मोकळं होण्याचे प्रकार तिथे घडलेले आहेत. आता तिन्ही संस्था २०२७ पर्यंत एक होणार म्हणतात. एक झाल्यावर वेळापत्रक सुधारेल, अशी आशा बाळगणाऱ्यांना माझ्या श… नको, राहू दे.

बकलीनं २०१२ ला फुटबॉलचं आणि २०१७ ला कॅमोगीचं कॉर्कचं कर्णधारपद सांभाळून दोन्ही चषक उचलले. आणि ती फिजिओथेरपिस्ट आहे. काही काउंट्यांतल्या मंडळींची मान गेली काही वर्षं एकाच बाजूला वळते. त्यांनी तिची वेळ घ्यावी. निर्णय अर्थात त्यांचाच.