पंगत कुठे उठत होती?

हे मनन घाईने वाचायचं नाही. एखादा परिच्छेद संपला की नजर कागदावरून उचला, दोन श्वास जाऊ द्या आणि मगच पुढच्या ओळीवर या. आपल्याला एक जागा शोधायची आहे. ती नकाशावर सहज सापडते, आणि म्हणूनच तिथे पोचल्यावर पुष्कळ जण शोध थांबवतात.

जागा सांगलीची. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णू अमृत भावे उर्फ विष्णुदास या तरुणाने ‘सीतास्वयंवर’ हा खेळ इथे केला. तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. खेळ झाला तो सांगलीकर संस्थानिक चिंतामणराव उर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारात, गणेशदुर्ग किल्ल्यातल्या राजवाड्यात. नाट्यगृह नव्हतं, तिकीट नव्हतं, खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या. एका मोठ्या घराने आपल्या माणसांना आणि पाहुण्यांना घरात बसवून दाखवलेलं ते नाटक होतं.

इथे थोडं थांबा. ‘घरात’ या शब्दावर मन ठेवा.

घर म्हटलं की चूल आली, कोठी आली, पाणी आणि उष्ट्या पत्रावळी आल्या. संस्थानी वाड्यात सण, मुंज, लग्न, पाहुण्यांचं येणं असं काही निमित्त झालं की पंगती बसत, आणि जेवण उरकल्यावर कीर्तन, गाणं, बैठक किंवा खेळ होई. पोट भरलेला, विडा तोंडात असलेला, उद्या सकाळी लवकर उठायची घाई नसलेला प्रेक्षक. जेवण आणि खेळ एकाच यजमानाच्या हातून यायचं. जेवणाबरोबर नाटक दाखवणारी गृहं परदेशातल्या शहरांत पुढे धंदा म्हणून उभी राहिली. आपल्याकडे तो धंदा नव्हता, तो पाहुणचार होता. त्यामुळे जेव्हा कोणी विचारतं की तसं ठिकाण आपल्याकडे कुठे होतं, तेव्हा माझं मन नाट्यगृहांच्या यादीकडे जात नाही. ते राजवाड्याच्या चौकात जातं.

तर मनाने चौकात जा. गणेशदुर्गाभोवती एकेकाळी खंदक होता. आत वाडा, कचेऱ्या, शिबंदी. अप्पासाहेबांनी १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वाटणी घेऊन सांगलीला गादी आणली आणि नदीकाठच्या गावाचं शहर केलं. कृष्णेच्या काठचं गणपतीचं देऊळही त्यांचंच. आजच्या राजवाडा चौकातली वर्दळ क्षणभर ऐका, रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांच्या हाका, शाळा सुटल्याचा कल्ला. ते आवाज दाबून टाकू नका. ते तसेच राहू द्या आणि त्यांच्या खाली कान लावा.

दिवे पेटलेले बघा. समया, मशाली, तेलाचा वास. मागे एक साधा पडदा. सूत्रधार उभा राहून गातो, सगळी पदं तोच म्हणतो. विदूषक येतो. गणपती येतो, मोरावरून सरस्वती येते, आशीर्वाद देते. मग कथा सुरू होते, आणि पात्रांचं बोलणं बरंचसं जिथल्या तिथे सुचलेलं असतं. सीता पुरुषच असतो. राक्षस आला की आरडाओरडा. पुढे या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं गेलं, ते याच गोंगाटावरून. मला त्या हिणवण्याचं वाईट वाटतं. ज्या घराने आपल्या भाषेत असं काही कधी पाहिलंच नव्हतं, त्या घरातल्या मुलांच्या अंगावर त्या आरोळीने काटा आला असेल.

आता नजर थोडी मागे न्या. जागा शोधताना जागेच्याही मागे जावं लागतं. आदल्या वर्षी, १८४२ मध्ये, उत्तर कानड्यातल्या होन्नावरजवळच्या कर्कीहून भागवत मंडळी सांगलीत आली होती. त्यांनी यक्षगानाचे खेळ केले. अप्पासाहेबांनी ते पाहिले आणि आपल्या भाषेत असं काही रचायला विष्णुदासांना सांगितलं. म्हणजे मराठी रंगभूमीच्या या जागेची एक वाट घाट उतरून कानडी समुद्रकिनाऱ्याला जाते. दुसरी वाट तंजावरला जाते. तिथल्या मराठी राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटकं लिहिली जात होती आणि त्यांची हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. सांगलीला ‘पहिली’ म्हणताना ही दोन गावं मनात असू द्यावीत. त्याने सांगली लहान होत नाही. पाहुणा कुठून आला हे ठाऊक असलेलं घर मला जास्त मोठं वाटतं.

श्वास घ्या. आता त्या पंगतीकडे नीट पाहा, आणि एक अवघड प्रश्न मनात येऊ द्या: पंगतीत कोण बसलं होतं, आणि कोण बसू शकत नव्हतं?

हा प्रश्न टाळून जागा सापडत नाही. त्या काळी कोण कुणाच्या पंगतीला बसतो यावर माणसाचं समाजातलं स्थान ठरे. राजवाड्याच्या चौकात कुणाला पाऊल टाकता येई, कुणाला दारापर्यंतच, कुणाला खंदकाच्याही अलीकडे. बायकांनी खेळ पाहिला असेल तर चिकाच्या आडून. या भागात आणखी एक माणूस होऊन गेला, त्याच्याकडे पाहिलं की पंगतीची किंमत कळते. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. ते लावणीच्या आणि तमाशाच्या ओढीने घर सोडून फडात गेले, तमाशात नाचणाऱ्या, महार समाजातल्या पवळेबरोबर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मणाच्या पोराने तमाशात जाणं म्हणजे आपल्या जातीच्या पंगतीतून कायमचं उठणं होतं. ते उठले. १९४५ साली त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांच्या लावण्या अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी होत्या. त्यांच्या खेळांच्या जागा कुठे होत्या? जत्रांच्या माळावर. खेळ रात्रीचा, आणि राहुटीशेजारी तीन दगडांची चूल. दरबारातल्या पंगतीइतकीच ती चूलही या शोधात मोजली पाहिजे. मी ती आधी मोजेन.

रेठरे हरणाक्ष तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून या शोधात सातारा आणि सांगली वेगळे करता येत नाहीत. कृष्णा दोन्हींतून वाहते, जत्रा दोन्हींच्या, फडही दोन्हींचे.

साताऱ्याकडे वळा. तिथेही राजवाडा आहे, छत्रपतींचा. पण सांगलीत सूत्रधार गात होता तेव्हा साताऱ्याच्या गादीला उतरती कळा लागलेली होती. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनी सरकारने पदच्युत करून काशीला धाडलं. धाकटे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब गादीवर बसले, आणि १८४८ मध्ये ते वारले तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. राज्य खालसा होतं तेव्हा तिजोरी आणि तोफाच तेवढ्या जात नाहीत. कोठी बंद होते, आचारी पांगतात, गवयाला वर्षासन मिळत नाही, रात्री चौकात दिवे लागत नाहीत. पुढे साताऱ्याच्या राजवाड्यात सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचं नाव त्या शाळेच्या पटावर चढलं. ज्या दारातून त्यांच्या पूर्वजांना आत येऊ दिलं नसतं, त्या दारातून एक मुलगा पाटी घेऊन आत गेला. जागा तीच. इथे जरा जास्त वेळ थांबा. या एका नोंदीपुढे मला दरबाराचं सगळं वैभव फिकं वाटतं.

सांगलीत काय झालं? १८५१ मध्ये अप्पासाहेब पटवर्धन गेले आणि विष्णुदासांचा यजमान गेला. ज्या घरात नाटक जेवत होतं ते घर त्याच्यापुरतं बंद झालं. मग मंडळी गाठोडी बांधून बाहेर पडली. गावोगाव खेळ करत १८५३ मध्ये ती मुंबईला पोचली. तिथे जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने ग्रँट रोडवर नाट्यगृह उभं राहिलेलं होतं. तिथे खेळ झाला आणि लोकांनी पैसे देऊन तिकिटं घेतली. जेवण आपापल्या घरी, नाटक इथे. पंगत आणि पडदा यांची जी गाठ राजवाड्यात होती ती तिथे सुटली. ग्रँट रोडचं ते नाट्यगृहही आता नाही.

पण गाठ सुटली म्हणजे चूल विझली असं नाही. ती पडद्याच्या मागे गेली. नाटक मंडळ्या गावात आल्या की एखादा वाडा भाड्याने घेत. त्याला बिऱ्हाड म्हणत. तिथे मंडळीचा आचारी, मंडळीची कोठी, मंडळीची पंगत. नट, गवई, तबलजी, पडदे ओढणारा, रंगवणारा असे सगळे तिथे जेवत. प्रेक्षकांसाठी असलेली पंगत आता कलावंतांची झाली.

शोध घेणाऱ्याला हे फार उपयोगी आहे. रंगमंचाच्या खुणा राहत नाहीत. पडदा गुंडाळला जातो, फळ्या निघतात, दिवा विझतो. स्वयंपाकाच्या खुणा राहतात. आड राहतो, न्हाणीचा चर राहतो, काळवंडलेली भिंत राहते, आणि त्या वाड्यात लहानपणी वाढपी म्हणून राबलेल्या कुणाच्या तरी नातवाकडे एखादी गोष्ट राहते.

मिरजेत शोधणाऱ्याला थोडं सुख मिळतं. तिथे हंसप्रभा नावाचं थिएटर होतं. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांनी शकुंतला म्हणून पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तिथे. ते बालगंधर्व. हंसप्रभा गेलं, पण त्या जागेवर आज बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह उभं आहे. एक नाट्यगृह गेल्यावर त्याच जागी दुसरं यावं, हे आपल्याकडे क्वचित घडतं. मिरजकरांनी ते केलं याबद्दल मनापासून कृतज्ञ असावं.

आता गणेशदुर्गाकडे परत या, पण वर्ष बदला. १९४३. ‘सीतास्वयंवरा’ला शंभर वर्षं होत आली होती. याच किल्ल्यात तुरुंग होता. २४ जुलैला स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार त्या तुरुंगातून भर दिवसा निसटले. पाठलाग झाला, गोळ्या सुटल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, दादा खांद्याला गोळी लागून पकडले गेले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सांगलीत रंगभूमीच्या शताब्दीचं नाट्यसंमेलन भरलं, अध्यक्ष विनायक दामोदर सावरकर. एका गावात, एका पावसाळ्याच्या अंतराने, रक्त आणि रंग. त्या चौकात उभं राहून फक्त नाटकाची जागा शोधणं मला जमत नाही. पत्रावळे आणि जाधव यांची नावं मनात म्हणा. घाई करू नका.

नाटककार देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे. दर ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांच्या नावाचं गौरवपदक सांगलीत दिलं जातं. गावाने आठवण ठेवली आहे. मला उरतं ते एक छोटं काम, आणि ते तुमच्याकडे देतो.

तुमच्या गावातही मंडळ्या आल्या असतील. साताऱ्यात, वाईत, कऱ्हाडात, तासगावात, इस्लामपुरात. गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडे जा. नाटक कुठे व्हायचं हे आधी विचारू नका, त्याचं उत्तर ठरावीक मिळतं. मंडळी उतरायची कुठे, जेवायची कुठे, पाणी कुठल्या आडाचं भरायची, स्वयंपाक कोण करायचं, आणि त्या ओसरीवर कुणाला बसू देत नव्हते, हे विचारा. आजोबा आठवत असतील तेव्हा मध्ये बोलू नका. आळीचं नाव, आडाची दिशा, वाढणाऱ्या बाईचं नाव वहीत उतरवा, आणि त्याच संध्याकाळी तिथवर चालत जाऊन या.