चहा निवायच्या आत



निवडणुकीचे दिवस होते. आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन मित्र समोरासमोर बसले होते. पक्षावरून जुंपली होती. बोलता बोलता चहावर साय धरली. एक जण तसाच उठला. दुसऱ्या दिवसापासून तो वेगळ्या टेबलावर बसू लागला.

मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं ते १९८९ साली. तेव्हापासून पहिल्यांदा मत देणारी मुलं आपल्या वर्गांत बसतात. मत नवं, म्हणून आवाजही चढा. असू द्या. भांडू द्या त्यांना. फक्त चहा निवायच्या आत एकदा समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा म्हणावं.

आणि आपण मोठी माणसं? स्टाफरूममध्ये आपणच टोमणे मारत असू, तर मुलांना कुठल्या तोंडानं सांगणार? विद्यार्थ्याला 'मत कुणाला?' असं विचारू नये. 'जेवलास का?' असं जरूर विचारावं. मतदानाला गावी गेलेल्या मुलीचं प्रॅक्टिकल बुडालं, तर ते पुन्हा करू द्यावं. गोष्टी साध्याच. पण चहा निवायच्या आत करायच्या.

मतदानानंतर ते दोघं कँटीनला आले, वेगवेगळे. दोघांच्याही बोटाला शाई. कँटीनवाल्या मामांनी दोन ग्लास एकाच टेबलावर ठेवले. म्हणाले, "बाकीची टेबलं ओली आहेत रे."

सगळी कोरडी होती.

दोघं बसले. बोलले काहीच नाहीत. एकानं बिस्किटाचा पुडा फोडला आणि मधोमध ठेवला. चहाची वाफ अजून वर येत होती.