सौर वीज आणि 'पडीक' जमीन

सौर पॅनेल तयार करण्यातच इतकी ऊर्जा खर्च होते की पर्यावरणाच्या पदरात शेवटी काहीच पडत नाही, हा आक्षेप आजही ऐकू येत असला तरी तो आता टिकणारा नाही. गारगोटीतील सिलिका कोळशासोबत विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन मिळवणे आणि पुढे ते अतिशुद्ध करणे ही कामे ऊर्जा खाणारी आहेत, आणि हे उत्पादन प्रामुख्याने चीनमध्ये होत असल्यामुळे त्यातील बरीचशी वीज कोळशाचीच असते, हे खरे आहे. तथापि पॅनेल स्वतःच्या निर्मितीला लागलेली ऊर्जा जेवढ्या काळात परत करते तो 'ऊर्जा परतफेडीचा काळ' भारतासारख्या उन्हाच्या देशात साधारण एक-दोन वर्षांचा भरतो, आणि पॅनेल 25 वर्षे किंवा त्याहून अधिक चालते. आयुष्यभराचे उत्सर्जन मोजले, तर कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे 820 ग्रॅम आणि सौर विजेच्या युनिटमागे 50 ग्रॅमहून कमी कार्बन डायऑक्साइड पडतो, असे आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या 2014च्या अहवालातील मध्यम अंदाज सांगतात. निकामी पॅनेलच्या कचऱ्याचा प्रश्न उरतोच. त्यांना भारताने 2022च्या ई-कचरा नियमांत आणले आहे, पण खरी परीक्षा पुढच्या दशकात होईल.

हवेचा हिशेब असा बराचसा मिटला; जमिनीचा मात्र मिटलेला नाही. एक मेगावॉटसाठी चार-पाच एकर तरी जागा लागते, आणि राजस्थानातील भडला येथील 2,245 मेगावॉटचा प्रकल्प सुमारे 14,000 एकरांवर पसरला आहे. अशी जागा शोधताना सरकारी दप्तरातील 'पडीक' हा शब्द फार सोयीचा ठरतो. थारमधील कित्येक ओरणे, म्हणजे गावांनी देवाच्या नावाने राखलेली, देवराईशी नाते सांगणारी राने, या शब्दाखाली झाकली गेली आहेत. तिथे मेंढ्या आणि उंट चरतात, आणि खेजडीच्या शेंगांची, सांगरीची, भाजी घरोघर होते. खेजडी म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी शमी. 1730 साली राजस्थानातील खेजडली गावात बिश्नोई समाजातील 363 जणांनी तिच्यासाठी प्राण दिले, आणि आज सौर प्रकल्पांसाठी तीच तोडली जात असल्याने थारमधली माणसे पुन्हा आंदोलनाला बसली आहेत.

माळढोकाची कथा याहून बिकट आहे. या जड पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी झटकन वळता येत नाही. त्यामुळे त्याला मारते ती पॅनेलची काच नव्हे, तर वीज वाहून नेणारी तार. तारा जमिनीखालून नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2021चा आदेश 2024 मध्ये शिथिल झाला. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्या नावाने अभयारण्य उभे राहिले, त्या पक्ष्याची देशातील संख्या आज दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते.

यावरून सौर वीज नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कोळशाच्या राखेखाली जगणाऱ्या गावांवर तो अन्याय ठरेल. मात्र छपरे आणि कालवे आधी, माळ नंतर, हा क्रम खर्च वाढला तरी धरला पाहिजे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासण येथे 2012 मध्येच नर्मदेच्या कालव्यावर एक मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला होता. आणि जिथे माळ किंवा गायरान घ्यावेच लागेल, तिथली पाहणी निदान वैशाखात होऊ नये. त्या दिवसांत माळावर धुरळ्याशिवाय काही दिसत नाही. भाद्रपदात त्याच जागी गुडघाभर कुसळी डोलत असते, धनगरांचे कळप उतरलेले असतात, आणि माळढोक अजून उरला असेल, तर त्याच्या मादीने आपले एकुलते अंडे उघड्या जमिनीवरच घातलेले असते.