आतली कड

गाडी विकली त्या रविवारी सकाळी मी ती सोसायटीच्या फाटकापाशी उभी केली आणि स्टिअरिंग मुद्दाम सरळ ठेवलं. यातला ‘मुद्दाम’ हा शब्द स्वतःशी उच्चारायला मला दीड वर्ष लागलं. एरवी गाडी लावताना मी पुढची चाकं थोडी वळवून ठेवायचो. अलॉय छान दिसायचे. त्या दिवशी चाकं वळलेली असती तर पुढच्या टायरांची आतली कड नजरेला पडली असती. ती पडू नये, एवढीच माझी इच्छा होती.

घेणारा माझ्याच ऑफिसातला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मूळचा साताऱ्याचा. मला ‘दादा’ म्हणायचा. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्याने विचारलं, “दादा, टायर अजून किती चालतील?”

“बघ ना, नक्षी अजून बरीच आहे,” मी म्हणालो.

तो वाकला, टायरच्या बाहेरच्या बाजूच्या खाचेत बोट घालून पाहिलं आणि समाधानाने उठला. माझं वाक्य खरं होतं. बाहेरच्या बाजूला नक्षी खरोखरच बरीच होती. त्या खऱ्या वाक्यानेच मी त्याला फसवलं.

हिशेब मांडायचा तर सुरुवातीपासून मांडला पाहिजे, कारण ते खोटं त्या रविवारी जन्मलेलं नव्हतं. त्याआधी तीन वर्षं मी ते थोडं थोडं पोसत आलो होतो.

टर्बो पेट्रोल इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी ती वेगवान सेडान होती. अशा गाडीत पुढच्या दोन टायरांच्या वाट्याला फार येतं. इंजिनाचं वजन त्यांच्यावर, इंजिनाची ओढ त्यांच्यावर, वळवायचं काम त्यांचंच, आणि ब्रेक मारला की पुढे झुकणारं गाडीचं वजनही त्यांनीच पेलायचं. एवढं सगळं करताना प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. हे मला तोंडपाठ होतं. मित्रांना सांगताना मी रंगून जायचो.

गाडी घेतल्यावर सहा महिन्यांत मी कमी उंचीच्या स्प्रिंग बसवून ती ३५ मिलिमीटरने खाली घेतली. विचारणाऱ्याला सांगायचो की वळणावर गाडी झुकत नाही, पकड वाढते. खरं कारण होतं टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट. ती भरली की गाडी रुबाबदार दिसते. मला तो रुबाब हवा होता, आणि त्याला मी तंत्रज्ञानाचं नाव दिलं.

स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंटला गेलो. चाकांना यंत्रं लागली आणि पडद्यावर हिरवे-लाल आकडे उमटले. समोरून पाहिलं तर चाक वरच्या अंगाने आत किंवा बाहेर किती कललंय, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून किती वळली आहेत, तो टो. गाडी खाली बसली की दोन्ही बिघडतात. माझ्या गाडीचा कॅम्बर डावीकडे उणे १.५ आणि उजवीकडे उणे १.८ अंश दाखवत होता. दोन्ही आकडे लाल होते.

मशीनवरचा मुलगा म्हणाला, “साहेब, कॅम्बर आउट आहे. ह्यात सेटिंग येत नाही, वेगळे बोल्ट टाकायला लागतील. नाहीतर टायर आतून खाणार.”

“टो सेट कर, बाकी राहू दे,” मी म्हणालो.

त्याहून स्पष्ट शब्दांत मला कोणी काय सांगायला हवं होतं? तो कागद घडी करून मी ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला. गाडी विकायचं ठरल्यावर तिच्यातून पहिली वस्तू मी काढली, ती हा कागद.

उणे कॅम्बर मुळात वाईट नाही. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तेव्हा त्याच कलामुळे बाहेरचा टायर जास्त रुंदीने रस्त्यावर बसतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना तो ठरवून दिलेला असतो. पण माझी गाडी हिंजवडीच्या रांगेत आणि द्रुतगती मार्गावर सरळ रेषेत धावत होती. सरळ रस्त्यावर तोच कल जास्त भार आतल्या कडेवर टाकतो.

या संदर्भात एक प्रसंग मी मित्रांना अनेकदा सांगितला आहे. २०११ च्या बेल्जियन ग्रांप्रीत, स्पाच्या ट्रॅकवर, रेड बुल संघाच्या गाड्यांच्या पुढच्या टायरांना आतल्या बाजूने फोड आले. टायर पुरवणाऱ्या पिरेल्लीने सुचवलेल्या मर्यादेच्या पलीकडे त्यांनी कॅम्बर नेला होता. पात्रता फेरीनंतर सेटिंग बदललं असतं तर शर्यत पिट लेनमधून सुरू करावी लागली असती. त्यांनी तसं केलं नाही. शर्यतीत लवकर टायर बदलले, आणि सेबास्टियन फेटेल जिंकला. गाडीचा रचनाकार एड्रियन न्यूई याने मात्र नंतर उघडपणे सांगितलं की त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वांत भीतिदायक शर्यतींपैकी ती एक होती. पुढे पिरेल्लीची ती मर्यादा पाळणं बंधनकारक झालं. हे सांगताना माझा सगळा भर फेटेलच्या विजयावर असायचा. न्यूईची भीती मी गाळून टाकायचो. आज वाटतं, माझ्यासाठी त्या गोष्टीत ऐकण्यासारखं तेवढंच होतं. आणि तिथे निदान चालवणाऱ्याला ठाऊक होतं की आपण कशावर बसलो आहोत.

टो तर कॅम्बरपेक्षाही झपाट्याने टायर खातो. चाकाचा कोन नुसता ०.१ अंशाने चुकला तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे पावणेदोन मीटर आडवं घासलं जातं. पुण्याहून मुंबईला जाऊन आलं की झालं अर्धा किलोमीटर. आणि दोन्ही चाकं सारखीच चुकली असतील तर गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही. हात सैल सोडले तरी नाकासमोर जाते. मी याच खुणेवर विसंबून होतो: गाडी ओढत नाही ना, मग सगळं ठीक आहे. माझ्या मित्रांच्या गाड्याही अशाच खाली घेतलेल्या. आम्ही सगळे सारख्याच मापाने चुकत होतो, म्हणून कोणालाच कोणाचं वाकडं दिसत नव्हतं.

टो बिघडलेल्या टायरच्या नक्षीला करवतीसारखी धार येते. तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवला की बोचतं. ही परीक्षा मी इतरांच्या गाड्यांवर करून दाखवायचो. माझ्या टायरांवरून मात्र मी नेहमी सोयीच्या दिशेनेच हात फिरवला, आणि माझ्या मनावरूनही.

विकायचं ठरल्यावर मूळ स्प्रिंग परत बसवून घेतल्या. खाली घेतलेल्या गाडीला भाव कमी येतो. मेकॅनिकने पुढची चाकं खोलून जमिनीवर आडवी ठेवली तेव्हा आतली बाजू वर आली. बाहेरच्या अंगाला साधारण पाच मिलिमीटर नक्षी आणि आतली कड जवळजवळ गोटा. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर असते, आणि १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मोटारीला वापरू नये असा नियम आहे. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “लाव, आहेत तेच लाव.”

उंची बदलली म्हणजे टो पुन्हा बिघडला. अलाइनमेंट नव्याने करायला हवं होतं. हजार-बाराशे रुपयांचं काम. तेही मी टाळलं. विकायचीच तर आहे, घेणारा करून घेईल. पण करून घ्यायला हवं हे त्याला कळणार कुठून? सांगणारा मीच होतो.

त्या रविवारी, त्याने मागितले नसताना, मी किमतीतून दहा हजार कमी केले. तो हरखला. घरी बायकोला म्हणालो, “पोरगं चांगलं आहे, जाऊ दे.” दोन नवे टायर तीस हजारांच्या पुढे गेले असते. ते दहा हजार ही मी माझ्या मनाला दिलेली लाच होती, आणि मनाने ती घेतली.

जुलैत त्याचा फोन आला. आईला घेऊन तो साताऱ्याला निघाला होता. खंबाटकी घाटाच्या अलीकडे गाडी जड वाटायला लागली म्हणून शिरवळला थांबला, तर पुढचं चाक पंक्चर. पंक्चरवाल्याने चाक काढलं आणि टायर उलटा करून त्याच्यासमोर धरला. आतल्या कडेला तार दिसत होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पुढे घाट होता.

“थोडक्यात वाचलो दादा, आई मागे बसली होती,” तो म्हणाला. आणि मग: “तुमच्याकडे गाडी किती जपलेली होती. माझ्याकडे येऊन दोन महिन्यांत मी तिची वाट लावली. खड्ड्यांतून नीट चालवताच येत नाही मला.”

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, “होतं असं. रस्तेच तसे आहेत.”

रविवारच्या खोट्याला निदान पैशाचं कारण होतं. या वाक्याला कसलंच कारण नव्हतं. एक माणूस माझा दोष स्वतःच्या अंगावर घेत होता आणि मी तो घेऊ दिला. वर दिलासाही दिला. आयुष्यातल्या माझ्या लबाड्या मी आज एका ओळीत मांडल्या, तर सगळ्यांत खालच्या जागी हे पाच शब्दांचं सांत्वन येईल, रस्त्यांवर ढकललेलं.

अकरा दिवस मी त्याला ऑफिसात टाळत होतो. या अकरा दिवसांत स्वतःला दिलेली कारणं नोंदवून ठेवायला हवीत, कारण ती पुन्हा उपयोगी पडायला येतीलच. जुनी गाडी घेणाऱ्याने मेकॅनिक आणून तपासायची असते. सगळेच असं विकतात. मी दहा हजार कमी केले होते. काही झालं तर नाही ना. यातलं शेवटचं कारण मला सगळ्यांत जास्त छळतं. काही झालं नाही, ते त्या पंक्चरमुळे. एखादा खिळा रस्त्यात पडलेला होता म्हणून त्याची आई साताऱ्याला धड पोचली. माझ्या सचोटीला जे जमलं नाही, ते एका खिळ्याने केलं.

बाराव्या दिवशी त्याला कँटीनच्या मागे नेलं आणि सांगितलं. स्प्रिंगचं सांगितलं, लाल आकड्यांचं सांगितलं, मेकॅनिकसमोर कड पाहिल्याचं सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी आईला म्हणालो होतो, आता जपून चालवायला शिकेन.” त्या फोनपासून तो प्रत्येक खड्ड्याला स्वतःला दोष देत होता. मी दोन्ही टायरांचे पैसे दिले. त्याने ते घेतले, मोजले आणि पाकिटात ठेवले. घेतले याचं मला बरं वाटलं. नको म्हणाला असता तर मी पुन्हा स्वतःला मोठा समजलो असतो. दुसऱ्या दिवसापासून तो मला ‘सर’ म्हणायला लागला.

त्यानंतर वर्षभर मी समजत होतो की त्याला सगळं सांगून झालं आहे. पण सरळ ठेवलेल्या स्टिअरिंगचं मी सांगितलं नव्हतं. टायर झिजू देणं आळसात बसतं, न सांगणं भित्रेपणात बसतं. आळशी आणि भित्रा माणूस तरी दयेला पात्र असतो. स्टिअरिंग सरळ करणारा हात मात्र विचार करून हललेला होता. कबुलीतही मी बाहेरची कड पुढे केली होती. ज्याला आत्मपरीक्षण म्हणत होतो, त्यातही मी स्वतःला बरा दिसेल असा उभा केला होता.

आजही मला गाड्या आवडतात. वेगाचं, चांगल्या वळणाचं सुख मी नाकारत नाही. पण आता दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवतो, गुडघा जमिनीला टेकवतो आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात दोन्ही दिशांनी फिरवतो. पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करतो आणि लाल आकडा असेल तर कागद घरात सगळ्यांना दिसेल असा ठेवतो. यातून झालेलं काही पुसलं जात नाही, हे जाणून करतो.

गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये तो भेटला तेव्हा त्याला थांबवलं आणि स्टिअरिंगचंही सांगितलं. त्या रविवारी चाकं मी मुद्दाम सरळ ठेवली होती, तुला आतली कड दिसू नये म्हणून. वाक्य पूर्ण होईपर्यंत माझा घसा कोरडा पडला.

तो म्हणाला, “सर, ते मला कँटीनच्या मागेच कळलं होतं. तुमची गाडी मी रोज इथे बघायचो. चाकं नेहमी वळलेली असायची.”